कर्तृत्वावरून थोर व्यक्तींची ओळख

इतिहासाच्या तासाला "समर्थ रामदास कोण होते?" असा प्रश्न केला असता वर्गातील बहुतेक हात वर होतात. परंतु तोच प्रश्न उलटा करून "ज्याने अमुक कार्य केले तो पुरुष कोण?" असे विचारले म्हणजे त्यांपैकी पुष्कळ हात हळूच खाली येतात. याचे कारण उघड आहे. नाव पाठ करण्यास घटकाभर पुरते. कार्य समजून घेण्यास श्रम पडतात. वास्तविक नाव हे आईबापांनी ठेवलेले असते, पदवी दुसऱ्या कोणी दिलेली असते आणि पुतळा तर मागाहून लोक उभारतात. मनुष्याचे स्वतःचे असे जे काही मागे उरते ते त्याचे कार्य होय. तेव्हा कार्य न जाणता नाव जाणणे म्हणजे पाकिटावरील पत्ता वाचून आतील पत्र न उघडण्यासारखे आहे.

कार्यावरून व्यक्ती कशी ओळखावी, या कामी चकवे कोठे लागतात व ते कसे टाळावेत, हे या लेखात आम्ही उदाहरणे घेऊन सांगणार आहोत. उदाहरणे होता होईल तो आपल्या जालना जिल्ह्यातील व आसपासच्या मुलखातील घेतली आहेत. कारण दूरच्या थोरांची नावे मुखोद्गत असावीत आणि आपल्या गावाच्या वेशीपाशी काय घडले याची मात्र वार्ता नसावी, ही गोष्ट शोभादायक नव्हे.

१. चार खुणा

कोणतेही कार्य समोर आले म्हणजे त्यास चार प्रश्न विचारावेत. ते केव्हा झाले? कोठे झाले? कोणत्या साधनांनी झाले? आणि त्याचा परिणाम काय झाला? काळ, स्थळ, साधन व परिणाम या चार खुणा एकाच व्यक्तीकडे बोट दाखवू लागल्या म्हणजे ओळख पटली असे समजावे. तीन खुणा जुळल्या व चौथी जुळेना, तर उत्तर देण्याची घाई करू नये.

आता एक वर्णन पाहा. "मोगलांच्या प्रबळ सत्तेपुढे अहमदनगरची निजामशाही कोसळत असता या पुरुषाने त्या घराण्यातील एकास गादीवर बसविले व स्वतः कारभार हाती घेऊन ते राज्य तगविले." एवढ्यावरून हा पुरुष कोण, हे सांगता येईल काय? पुष्कळ विद्यार्थी "शहाजीराजे" असे उत्तर देतील, आणि ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शहाजीराजांनी १६३३ ते १६३६ या काळात निजामशाही वंशातील एका मुलास पुढे करून असाच झगडा दिला होता. परंतु आम्ही वर्णनात आणखी थोडी भर घालतो. "हा पुरुष आफ्रिकेतील हबसाणात सुमारे १५४८ साली जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो दक्षिणेत आला. १६१० साली त्याने खडकी या गावी नगर वसविले आणि डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून शहरात आणले. १६२६ साली तो वारला." आता संशय राहिला नाही. हा मलिक अंबर होय. खडकी म्हणजेच पुढे औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाणारे शहर. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र होईपर्यंत बहुतांशी त्याच जिल्ह्याचा भाग होता.

येथे काय झाले ते ध्यानात घ्यावे. राज्य तगविण्याचे कार्य दोघांनाही लागू पडत होते. निर्णय दिला तो काळाने आणि पाण्याच्या नळाने. तलवारीचे पराक्रम एकमेकांसारखे दिसतात. पण तहानलेल्या नगरास पाणी कोणी पाजले, ही खूण सहसा दुसऱ्यास लागू पडत नाही. मलिक अंबराच्या हयातीत मोगल बादशहा जहांगीर त्याचा उल्लेख अत्यंत तिरस्काराने करीत असे. तथापि अंबराच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच पदरी असलेल्या इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची प्रशंसा लिहून ठेवली. ज्याचे कार्य शत्रूच्या लेखणीलाही नाकारता आले नाही, त्याचे बालपण गुलामगिरीत गेले होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने मनात बाळगण्याजोगे आहे.

२. नाव एक, कार्ये अनेक

पहिला चकवा नामसाम्याचा होय. "रमाबाईंनी स्त्रियांच्या उन्नतीसाठी संस्था काढली" असे वाक्य उत्तरपत्रिकेत आढळले तर परीक्षकाने कोणत्या रमाबाई समजाव्यात? पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापिले, पुढे केडगाव येथे मुक्ती सदन उभारले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर सिद्धीस नेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी विवाहानंतर अक्षरओळख करून घेतली, आणि पुण्यातील सेवासदनाच्या द्वारे शेकडो स्त्रियांस शिक्षण व स्वावलंबन यांचा मार्ग दाखविला. दोघी एकाच काळातील होत्या व एकमेकींस ओळखतही होत्या; म्हणून काळ ही खूण येथे पुरी पडत नाही. स्थळ व साधन या खुणा मात्र निवाडा करितात. एकीकडे केडगाव व भाषांतर, दुसरीकडे पुणे व सेवासदन.

आपल्या जिल्ह्यातही असेच दोन नारायण होऊन गेले. पहिले नारायण सूर्याजीपंत ठोसर. यांचा जन्म १६०८ साली रामनवमीच्या दिवशी जांब या गावी झाला. हे गाव आता घनसावंगी तालुक्यात आहे. परंपरा असे सांगते की विवाहमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते खरोखरीच सावध झाले व घर सोडून निघाले. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप, पुढे देशभर प्रवास, ठिकठिकाणी मठांची व मारुतींची स्थापना, 'दासबोध' या ग्रंथाची रचना आणि शेवटी सज्जनगडावर देहत्याग, एवढे सांगितल्यावर हे समर्थ रामदास होत हे सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरे नारायण म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मून त्यांनी १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. जालन्यास येऊन त्यांनी शहराजवळ बेथेल नावाचे गाव वसविले व समाजाने दूर ठेविलेल्या कुटुंबांस तेथे घर, शाळा व प्रार्थनामंदिर मिळवून दिले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत त्यांनी हिंदुस्थानच्या वतीने भाषण केले. दोघा नारायणांत सुमारे दोन शतकांचे अंतर. पंथ वेगळे, वाटा वेगळ्या. तरी घर सोडून लोकांत गेलेल्या माणसांच्या हातून काय उभे राहते, हे दोघांच्याही चरित्रांत दिसते. नुसते 'नारायण' म्हटल्याने दोघांपैकी कोणीच कळत नाही.

३. कार्य एक, व्यक्ती अनेक

दुसरा चकवा याच्या उलट आहे. "परदेशी जाऊन वैद्यकशास्त्र शिकलेली महाराष्ट्रकन्या" असे म्हणताच मुले "डॉक्टर आनंदीबाई जोशी" असे एकसुरात सांगतात. पण डॉक्टर रखमाबाईंनाही हे वर्णन तंतोतंत लागू पडते. मग भेद कसा करावा? आनंदीबाईंनी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, त्यांस मृत्यूने गाठले. रखमाबाईंनी आधी बालविवाहाच्या बंधनाविरुद्ध न्यायालयात झुंज दिली, मग लंडनला जाऊन १८९४ साली शिक्षण पुरे केले आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली. एकीने वाट पाडली, दुसरी त्या वाटेने दूरवर चालत गेली. दोन्ही कार्ये मोठी. पण ती एक नव्हेत.

याच ठिकाणी 'पहिला' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. मुलांच्या निबंधांत हा शब्द मिठासारखा नव्हे तर पिठासारखा वापरलेला असतो. सावित्रीबाई फुले यांनी हिंदुस्थानातील मुलींची पहिली शाळा काढली, असे विधान वारंवार आढळते. वस्तुस्थिती अशी की अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत मुलींची शाळा १८२४ साली उघडली होती. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू केली. ही शाळा एका एतद्देशीय दांपत्याने, आपल्याच समाजाचा रोष पत्करून, स्वतःच्या बळावर चालविली होती. शाळेत जाताना अंगावर शेण व चिखल झेलणारी ही शिक्षिका १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतःच त्या रोगास बळी पडली. आता विचार करा. एवढे कार्य ज्या बाईंच्या नावावर आहे, त्यांचा मोठेपणा 'पहिली' या शब्दाच्या मोजमापावर अवलंबून आहे काय? ज्याचे श्रेय त्यास देण्याने कोणीही लहान होत नाही. उलट अचूक सांगितलेले कार्य अधिक तेजस्वी दिसते. श्रेय देताना चोख असणे हा सत्यनिष्ठेचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.

४. असईचा धडा

आता आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या ऐतिहासिक प्रसंगाकडे वळू. "वॉटर्लू येथे १८१५ साली नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती कोण?" याचे उत्तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस येते: ड्यूक ऑफ वेलिंग्टन. परंतु हा वेलिंग्टन बारा वर्षांपूर्वी आपल्या भोकरदन तालुक्यात लढला होता, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? तेव्हा तो ड्यूक नव्हता. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. येथेही नामसाम्याचा चकवा आहेच. त्याच सुमारास हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला व तैनाती फौजेच्या पद्धतीने एकामागून एक संस्थाने कंपनीच्या पंखाखाली आणणारा वेलस्ली हा आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड होय. एकाने करारपत्रांनी राज्ये घेतली, दुसऱ्याने रणांगणावर.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबात असई गावाजवळ दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. मराठ्यांचे बळ त्याच्या कित्येक पट होते. कवाइती पलटणी होत्या व तोफखाना उत्तम होता. वेलस्लीस नदी ओलांडून मराठी फौजेच्या बगलेवर जावयाचे होते. वाटाड्यांनी सांगितले की इकडे उतार नाही. तेव्हा त्याने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या अलीकडे एक गाव व त्याच्या समोरच पलीकडे दुसरे गाव त्यास दिसले. त्याने मनाशी विचार केला की दोन गावे इतकी समोरासमोर वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. शोध घेता तेथे उतार सापडला आणि त्याचे सैन्य नदीपार झाले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. वेलस्लीने जे केले तेच आपण या लेखात करीत आहोत. डोळ्यांस दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारी गोष्ट त्याने ओळखली. वाट दिसत नव्हती, परंतु वाटेचे कार्य दिसत होते. ती दोन गावे हेच ते कार्य.

मात्र असईचा धडा येथे संपत नाही. त्या दिवशी इंग्रजांचा जय झाला खरा, पण त्यांचे पंधराशेहून अधिक लोक मृत व जखमी झाले. वेलस्लीच्या लहानशा फौजेच्या मानाने ही संख्या फार मोठी होती. मराठ्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफांवरील मराठी गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. कित्येक जण तोफांच्या बाजूला पडले, आणि शत्रूची पहिली फळी पुढे निघून गेलेली पाहताच उठून त्यांनी तोफा फिरविल्या व मागून मारा सुरू केला. पुष्कळांनी तोफेजवळच प्राण सोडला. त्यांच्या या शौर्याची साक्ष शत्रूपक्षानेच दिली आहे. पुढे उतारवयात वेलिंग्टनला "आपली रणांगणावरील सर्वांत सरस कामगिरी कोणती?" असे विचारण्यात आले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता 'असई' एवढेच उत्तर दिले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. मग त्याचे कार्य एवढे थोर ज्यांच्या कडव्या प्रतिकाराने ठरविले, त्या गोलंदाजांची नावे काय? ती इतिहासाच्या पुस्तकांत आढळत नाहीत. सेनापतीस ड्यूक ही पदवी मिळाली, तो इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. आणि तोफेवर हात ठेवून मेलेला मनुष्य अनामिक राहिला. येथे कार्य आहे, काळ आहे, स्थळ आहे, साधन आहे. चारही खुणा पुऱ्या आहेत आणि तरी नाव नाही.

५. नाव आहे, चरित्र नाही

याच भोकरदनात याच्या उलट प्रकारही पाहावयास मिळतो. या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. मध्य भारतातील सांची व भारहूत येथील बौद्ध स्तूपांवर भोगवर्धनच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सुमारे दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहेत. दाता कोण व कोठला, एवढे त्या लेखांवरून कळते. त्याचे बाकीचे आयुष्य कळत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित होते. आपल्या या मुलखातील माणसे त्या काळी शेकडो मैलांवरील पुण्यकार्यास हातभार लावीत होती. १९७३ साली सुरू झालेल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्तीही सापडली. तिच्याशी पुष्कळ साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई या शहराच्या अवशेषांत मिळाली आहे, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. आपल्या मूर्तीच्या कारागिराचे नाव कोणास सांगता येईल? त्याची करामत मात्र दोन हजार वर्षांनंतरही डोळ्यांपुढे आहे.

यावरून आमच्या मते निष्कर्ष असा निघतो. थोर व्यक्तींची ओळख म्हणजे केवळ प्रसिद्ध नावांची यादी नव्हे. कार्य आधी पाहावे, मग त्याचा कर्ता शोधावा. कर्त्याचे नाव सापडले तर ते अचूक सांगावे. न सापडले तर ते कार्य दुसऱ्या कोणा प्रसिद्ध पुरुषाच्या पदरात टाकू नये. कर्ता अज्ञात आहे असे म्हणून त्यास मान द्यावा.

६. पालकांस विनंती

पालकांनी या कामी शाळेस साहाय्य करावे अशी आमची विनंती आहे. सुट्टीत मुले घरी आली म्हणजे त्यांस गावातील एखादी जुनी विहीर, बारव, पूल, शाळा किंवा झाडांची रांग दाखवावी आणि विचारावे: हे कोणी केले? केव्हा? कशाच्या बळावर? यामुळे कोणाचे काय भले झाले? आजीआजोबांस, गावातील वृद्धांस विचारून मुलांनी ही माहिती वहीत लिहून काढावी. तिघांनी तीन नावे सांगितली तर तिन्ही लिहावीत व चार खुणांनी पारखावीत. अशा एका पृष्ठाने जो इतिहास कळेल तो दहा पृष्ठे पाठ करून कळणार नाही.

७. अभ्यास

पुढील वर्णनांवरून व्यक्ती ओळखा. उत्तरे शेवटी दिली आहेत. परंतु कागदावर स्वतःचे उत्तर व ते कोणत्या खुणेवरून दिले हे लिहिल्यावाचून तिकडे पाहू नये.

(अ) ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले. अनेक भाषा व शास्त्रे यांत पारंगत असूनही १८४६ साली ऐन तारुण्यात मृत्यू आला.

(आ) जन्माने इंग्रज, वृत्तीने जेझुइट पाद्री. गोव्यात राहून लोकभाषा आत्मसात केली व १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्ताचे पुराण मराठी ओव्यांत रचिले.

(इ) देवगिरीच्या यादवांचे मंत्री. धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ लिहिला. चुन्याशिवाय दगड बसवून बांधलेल्या मंदिरांच्या शैलीस लोकांनी यांचे नाव दिले. पण त्या शैलीची काही मंदिरे यांच्या जन्मापूर्वीची आहेत. (हे कलम विशेष विचार करून सोडवावे.)

(ई) १६७९ च्या नोव्हेंबरात जालना शहरावर स्वारी केली. परतताना मोगलांनी वाटेत गाठले. बिकट वाटेने पट्टा किल्ल्यावर जाऊन विश्रांती घेतली, म्हणून त्या किल्ल्यास विश्रामगड असे नाव पडले.

(उ) विधवांच्या शिक्षणासाठी पुण्याजवळ हिंगणे येथे झोपडीत काम आरंभिले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब मिळविला.

(ऊ) जालना शहरात १९६४ साली बियाण्यांची कंपनी स्थापून संकरित बियाणे शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचविले. १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

उत्तरे: (अ) बाळशास्त्री जांभेकर. (आ) फादर थॉमस स्टीफन्स. (इ) हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत. मात्र मंदिरे बांधणारे गवंडी व पाथरवट अनामिकच आहेत, हे ज्याने उत्तरात लिहिले असेल त्याने स्वतःस एक गुण अधिक द्यावा. (ई) छत्रपती शिवाजी महाराज. (उ) महर्षी धोंडो केशव कर्वे. (ऊ) बद्रीनारायण बारवाले.